पहिला वाढदिवस : कोणासाठी, कशासाठी?

निमंत्रणपत्रिकेवर वेळ सायंकाळी सातची असते. पाहुणे मात्र साडेआठपर्यंत येत राहतात. सभागृहात फुग्यांची कमान, ध्वनिक्षेपकावर गाणी, कोपऱ्यात जादूगार आणि टेबलावर तीन मजली केक, असा सारा थाट असतो. ज्याच्यासाठी हे सर्व योजलेले, ती उत्सवमूर्ती तोवर आईच्या खांद्यावर गाढ झोपलेली असते. केक कापायची वेळ झाली की तिला उठविले जाते. अंगावर टोचणारा जरीचा झगा, डोळ्यांवर प्रखर प्रकाश आणि समोर टाळ्या वाजविणारी शे-दीडशे अनोळखी माणसे पाहून बाळ भोकाड पसरते. शहरी मध्यमवर्गीय कुटुंबांत हे चित्र आता अपवादात्मक राहिलेले नाही. म्हणूनच अनेक तरुण आई-वडिलांना पहिला वाढदिवस साजरा करावा का, आणि करायचा तर कसा, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी या दिवसाचे महत्त्व मुळात कशामुळे निर्माण झाले, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

वर्षाचा उंबरठा

आज मूल वर्षाचे होणे आपण गृहीत धरतो. पूर्वी तसे नव्हते. भारतात पहिली महिला डॉक्टर होण्याचा मान मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी वयाच्या १४व्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ अवघ्या दहा दिवसांत गेले. हे दुःख त्या काळी घरोघरी ठाऊक होते. मुले जगत नसत, म्हणून नंतर जन्मलेल्या मुलाचे नाव धोंडू, दगडू किंवा भिकू असे ठेवले जाई. दृष्ट लागू नये, काळाचे लक्ष जाऊ नये, हा त्यामागील भाबडा पण करुण हेतू होता.

बाळाच्या पहिल्या वर्षात ओळीने येणारे विधीही याच काळजीतून आलेले दिसतात. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे, सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण, पहिल्या संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण; प्रत्येक टप्पा ओलांडला की घर थोडे निर्धास्त होई. जन्मतिथीला करावयाच्या वर्धापनविधीत मार्कंडेयाचे व चिरंजीवांचे पूजन सांगितले आहे. पुराणकथेनुसार सोळा वर्षांचेच आयुष्य लाभलेला मार्कंडेय मृत्यूला परतवून लावतो. या दिवशी तीळ व गूळ घातलेले दूध पिण्याची चालही होती. थोडक्यात, वाढदिवस म्हणजे आयुष्य मागण्याचा दिवस होता.

आधुनिक आरोग्यशास्त्रही याच दिवसाला सीमारेषा मानते. दर हजार जिवंत जन्मांमागे वर्ष पूर्ण होण्याआधी दगावणाऱ्या बालकांची संख्या म्हणजे अर्भक मृत्यूदर. नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात १९७१ मध्ये तो १२९ होता. त्याचा अर्थ असा, की साधारण आठ बालकांपैकी एक आपला पहिला वाढदिवस पाहत नसे. २०२० मध्ये हा दर २८ पर्यंत आणि महाराष्ट्रात १६ पर्यंत खाली आला. लसीकरण, रुग्णालयातील प्रसूती, स्वच्छ पाणी आणि मातांचे शिक्षण यांनी घडविलेला हा पालट आहे. तेव्हा पहिला वाढदिवस साजरा करण्यात गैर काहीच नाही. किंबहुना आनंद मानण्याजोगा दिवस असेल, तर तो हाच. प्रश्न आहे तो आनंद व्यक्त करण्याच्या रीतीचा.

तिथी की तारीख?

वाढदिवस ठरविताना अनेक घरांत पहिला वाद होतो तो तिथी आणि तारखेचा. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, तर इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे तिथीने येणारा वाढदिवस सहसा दहा-बारा दिवस आधी येतो. मध्ये अधिक मास आला, तर मात्र तो जवळजवळ १९ दिवस पुढे जातो. उदाहरणार्थ, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी गणेश चतुर्थीला जन्मलेल्या बालकाचा तिथीने येणारा पहिला वाढदिवस १९ सप्टेंबर २०२३ रोजी आला. कारण त्या वर्षी श्रावण अधिक होता. तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ एकत्र येतात ती १९व्या वर्षी!

या वादातून पुष्कळ कुटुंबांनी आपापला सोयीचा मार्ग काढला आहे. तिथीला घरच्या घरी औक्षण आणि तारखेला केक. तसे पाहता दोहोंत विरोध नाही. मेणबत्त्या लावलेल्या केकची चाल अठराव्या शतकातील जर्मनीत आढळते आणि आपल्याकडे ती इंग्रजी वळणाबरोबर आली. निरांजन, सुपारी आणि सोन्याच्या अंगठीने ओवाळणे हे आपल्या घरातले. मूल दोन्हींचा आनंद सारख्याच कुतूहलाने घेते. मात्र निरांजनाची आणि मेणबत्तीची ज्योत त्याच्या चिमुकल्या हातांपासून दूर हवी.

बाळाच्या बाजूने

या समारंभाची आठवण बाळाला राहणार नाही, हे उघड आहे. मोठेपणी माणसाला आठवणाऱ्या सर्वांत जुन्या घटना सामान्यतः तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुमाराच्या असतात. परंतु आठवण राहत नाही म्हणजे त्रास होत नाही, असे नव्हे. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुले आपले आणि परके यांत स्पष्ट भेद करू लागतात. अनोळखी माणसाने उचलून घेताच रडणारे मूल ‘हट्टी’ नसते. ते त्याच्या वाढीचे लक्षण असते. नेमक्या याच काळात त्याला शंभर जणांच्या हातांतून फिरविले जाते.

आरोग्याच्या दृष्टीनेही काही गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेलाच्या लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तर दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला हे संरक्षण अजून पुरे झालेले नसते. सर्दी-खोकला किंवा ताप असलेल्या पाहुण्याने त्या दिवशी न येणे हीच मोठी भेट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना अधिक साखर आणि मीठ असलेले पदार्थ देऊ नयेत, असे म्हटले आहे. केकचा तुकडा बाळाच्या ओठांना लावून फोटो काढण्याची हौस त्यामुळे आवरती घेतलेलीच बरी. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधही देत नाहीत, कारण त्यातील विशिष्ट जिवाणूंमुळे गंभीर विषबाधा होऊ शकते. तिथीने वाढदिवस आधी आला, तर पंचामृत चाटविताना हे विसरू नये. फुटलेल्या फुग्याचे तुकडे, शेंगदाणे, लाह्या आणि खेळण्यांतील बटणाएवढे सेल हे सारे घशात अडकण्याजोगे असते. बोरन्हाणातही लुटण्यासाठी टाकलेली बोरे, चुरमुरे आणि बत्तासे मोठ्या मुलांसाठीच; बाळावर नजर ठेवावीच लागते.

प्रश्न ऐपतीचा नि आईचाही

याला आणखी एक बाजू आहे. शेजारच्या घरी झाला, नणंदेच्या मुलाचा झाला, मग आपल्याकडेही व्हायला हवा, या ईर्षेने समारंभाचा आकार वाढत जातो. घराचे हप्ते आणि पाळणाघराचे शुल्क भरता भरता मेटाकुटीला आलेले जोडपे एका संध्याकाळसाठी कर्ज काढते. त्या पैशांत बाळाच्या नावे एखादी ठेव होऊ शकते, हे ठाऊक असूनही ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नापुढे सारे हिशेब थांबतात.

या सगळ्यात आईकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा कायद्याने मिळते. ज्यांना ती मिळते, त्यांची पाळणाघर ते कार्यालय ही धावपळ पहिल्या वाढदिवसापूर्वीच निम्म्या वर्षाची झालेली असते. बाळ एक वर्षाचे होते, तशी आईही ‘आई’ म्हणून एक वर्षाची होते. वर्षभर रात्रीची सलग झोप न मिळालेल्या त्या मुलीला दारात उभे राहून दीडशे जणांचे स्वागत करायला लावणे हा तिचा सत्कार नव्हे.

मग कसा करावा? बाळाची दुपारची झोप झाल्यानंतर, दीड-दोन तासांत आटोपेल असा. माणसे मोजकीच, पण योग्य निवडलेली. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या मावशी, पाळणाघराच्या काकू, अपरात्री ताप भरला तेव्हा गाडी काढणारे शेजारी, आईची सुट्टी संपल्यावर गावाहून येऊन राहिलेली आजी, यांच्या आधाराने ते वर्ष पार पडलेले असते. एरवी आमंत्रितांच्या यादीत यांची नावे शेवटी येतात किंवा येतच नाहीत. बाळाला सुती झबले घालावे, घरच्या पाटावर बसवावे, आजीने ओवाळावे आणि त्याच्या ओळखीच्या माणसांनी त्याच्याकडे पाहून हसावे. ज्यांची ऐपत आहे, त्यांनी एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या बालविभागाला त्यांच्याकडे विचारून गरजेची वस्तू द्यावी. कारण वर्षाचा तो उंबरठा अजूनही सर्वच बालकांना ओलांडता येत नाही.

पुढे ते मूल अल्बम उघडून विचारील, ‘हे कोण?’ तेव्हा फोटोतील प्रत्येक चेहऱ्याविषयी आई-वडिलांना एखादी गोष्ट सांगता आली, तर तो वाढदिवस चांगला झाला असे खुशाल समजावे.