चंद्रावर अडलेले गिरमिट
डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळीला भोक पाडायचे, तर विजेची तार तेथवर कुठून आणणार? म्हणून सांगोल्याचा बागाईतदार बॅटरीचे ड्रिल वापरतो. असेच ड्रिल 1971 साली 'अपोलो-15'च्या अंतराळवीरांनी चंद्रावर चालवले. भोक 3 मीटर खोल हवे होते. पहिले सुमारे 1.6 मीटरवरच अडले. दोष गिरमिटाच्या दांड्यात होता. तो तुकडे जोडून केलेला. सांध्यापाशी त्याची पीळदार खाच खंडित होई. खरवडलेली माती वर न येता तेथेच दाटे आणि बॅटरीची शक्ती घर्षणात वाया जाई. 1972 साली 'अपोलो-16'साठी दांडा सुधारला. भोक पुरेसे खोल गेले. आता सांगा, लाकडात भोक पाडताना सुतार मधूनमधून गिरमिट बाहेर का काढतो?