ऑनलाइन उच्च शिक्षणात विद्यार्थ्याचे अवधान

१. प्रश्नाचे स्वरूप

वर्गात समोर बसलेला विद्यार्थी विषयाशी समरस झाला आहे की नाही, हे अनुभवी अध्यापकास फारसे प्रयास न करता कळत असते. कुणाची भुवई आकसते, कुणाची लेखणी थांबते, मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते. या खुणा वाचून अध्यापक आपला वेग कमी करतो, उदाहरण बदलतो, अथवा झालेला मुद्दा पुन्हा मांडतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात या खुणा बहुतांशी लोप पावतात. बोलणारा एका बाजूस, ऐकणारा दुसऱ्या बाजूस आणि मध्ये काळाचे व स्थळाचे अंतर, अशी ही स्थिती असते. विद्यार्थी अभ्यासक्रम सोडून गेला तरी त्याच्या जाण्याचा आवाज होत नाही; नोंदवहीत त्याचे नाव तसेच राहते.

इंग्रजीतील 'एंगेजमेंट' या संज्ञेस मराठीत एकच एक प्रतिशब्द रूढ झालेला नाही. सहभाग, अवधान, गुंतणूक, रस असे निरनिराळे शब्द योजले जातात. ही विविधता निव्वळ अडचणीचीच मानण्याचे कारण नाही. शालेय शिक्षणाच्या संदर्भात फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड व पॅरिस यांनी २००४ साली या संकल्पनेची तीन अंगे वेगळी दाखविली : वर्तनाचे, भावनेचे आणि बुद्धीचे. विद्यार्थी उपस्थित राहतो व कामे पुरी करतो, हे पहिले अंग. त्यास त्या समूहात आपलेपणा वाटतो, हे दुसरे. आणि कठीण भाग समजून घेण्यासाठी तो स्वतःहून श्रम करतो, हे तिसरे. यंत्राला सहज मोजता येते ते प्रामुख्याने पहिले अंग होय. प्रवेश किती वेळा केला, चित्रफीत किती मिनिटे चालली, यांची नोंद आपोआप होते. परंतु चालू असलेल्या चित्रफितीसमोर विद्यार्थी होता काय, आणि असल्यास त्याचे मन कोठे होते, हे त्या नोंदीवरून सांगता येत नाही.

मराठी भाषेच्या प्रयोगात या संदर्भात एक उपयुक्त भेद सापडतो. 'लक्ष' या नामाबरोबर मराठी भाषक तीन क्रियापदे सर्रास वापरतात. 'विद्यार्थी लक्ष देतो' या वाक्यात कर्तृत्व विद्यार्थ्याचे आहे. 'विद्यार्थ्याचे लक्ष लागते' या वाक्यात अवधान ही परिस्थितीने घडून येणारी गोष्ट आहे. ते लागावे यासाठी विषय, मांडणी व वातावरण यांची अनुकूलता लागते. 'विद्यार्थ्यावर लक्ष ठेवले जाते' या वाक्यात मात्र विद्यार्थी केवळ पाहिला जाणारा विषय होतो. ऑनलाइन शिक्षणाविषयीची बरीचशी चर्चा पहिल्या आणि तिसऱ्या प्रयोगातच अडकलेली असते. वास्तविक विद्यापीठाच्या हाती असलेले कार्य दुसऱ्या प्रयोगात दडलेले आहे.

२. पूर्वपीठिका

हा प्रश्न आंतरजालाबरोबर जन्मास आला, असे नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाची स्थापना १९६९ साली होऊन १९७१ साली तेथे अध्यापनास प्रारंभ झाला. भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि महाराष्ट्रात नाशिक येथील यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली अस्तित्वात आले. छापील पाठ घरपोच मिळाले म्हणजे शिक्षण झाले, असा समज फार काळ टिकला नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या जोडीला स्वाध्याय तपासून त्यावर सविस्तर अभिप्राय लिहिणारा मार्गदर्शक अध्यापक ठेवला, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

अभ्यासक मायकेल मूर यांनी या अनुभवातून जो सिद्धान्त मांडला, तो आजही मार्गदर्शक ठरतो. त्यांच्या मते दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांत मोजावयाचे नसून परस्परव्यवहारात मोजावयाचे असते. हे अंतर तीन गोष्टींवर अवलंबून राहते : अध्यापक व विद्यार्थी यांच्यातील संवाद, अभ्यासक्रमाच्या रचनेची ताठरता अथवा लवचिकता, आणि विद्यार्थ्याची स्वावलंबनाची शक्ती. संवाद कमी आणि रचना ताठर असेल, तर अंतर वाढते व स्वावलंबनाचा सगळा भार विद्यार्थ्यावर पडतो. ज्याच्या अंगी ती शक्ती आधीच आहे, तो तरून जातो. इतरांचे काय होते, हा प्रश्न उरतो.

३. आकडे आणि त्यांचा अर्थ

२०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या अभ्यासक्रमास सुमारे १ लक्ष ६० हजार जणांनी नावे नोंदविली. पुढील वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्युत्परिपथ या विषयावरील अभ्यासक्रमास सुमारे १ लक्ष ५५ हजार नोंदी झाल्या. त्यांपैकी प्रमाणपत्र मिळविणारे सुमारे ७ हजार होते. हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्स येथील या प्रकारच्या अभ्यासक्रमांचा २०१२ ते २०१८ या काळातील आढावा रीच व रुइपेरेस-व्हॅलिएन्ते यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण या सहा वर्षांत सुधारले नाही. २०१७-१८ मध्ये ते सुमारे ३ टक्केच होते.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. नाव नोंदविणारा प्रत्येक जण अभ्यासक्रम पुरा करण्याच्याच हेतूने आलेला नसतो. किझिल्चेक, पीच व श्नायडर यांनी २०१३ साली अशा विद्यार्थ्यांचे चार वर्ग पाडून दाखविले : पुरा करणारे, केवळ ऐकणारे, मध्येच सोडणारे आणि एखादा पाठ चाखून पाहणारे. ग्रंथालयात पुस्तक चाळून परत ठेवणारा वाचक अनुत्तीर्ण मानला जात नाही. तोच न्याय येथेही लावला पाहिजे.

परंतु ही सवलत श्रेयांकाच्या अभ्यासक्रमांस देता येत नाही. तेथे विद्यार्थी पदवीसाठी आलेला असतो. वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांत शिकणाऱ्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या सुमारे ५ लक्ष अभ्यासक्रम-नोंदी झू व जॅगर्स यांनी तपासल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ऑनलाइन अभ्यासक्रमात सर्वच गटांची कामगिरी खालावली. मात्र ज्यांचे पूर्वीचे गुण कमी होते, त्यांची हानी अधिक झाली. तात्पर्य असे की, जे माध्यम संधीपासून दूर राहिलेल्यांसाठी म्हणून पुढे केले जाते, तेच निष्काळजीपणाने वापरल्यास त्यांना अधिक मागे टाकते.

४. लक्ष कशाने लागते

या बाबतीत प्रयोगसिद्ध माहिती आता बरीच उपलब्ध आहे. ग्वो, किम व रुबिन यांनी २०१४ साली चार अभ्यासक्रमांतील ६९ लक्ष चित्रफीत-दर्शनांची छाननी केली. चित्रफीत कितीही लांब असली, तरी प्रेक्षक ती सामान्यतः सहा मिनिटांपलीकडे पाहत नाहीत, असे त्यांत दिसून आले. वर्गातील व्याख्यान ध्वनिचित्रमुद्रित करून मागाहून त्याचे तुकडे पाडले असता तितकासा उपयोग होत नाही. मुळातच लहान खंडांसाठी रचलेला पाठ अधिक पाहिला जातो. तथापि पाहणे म्हणजे शिकणे नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. लहान चित्रफितींची माळ गुंफल्याने बौद्धिक सहभाग आपोआप उत्पन्न होत नाही.

या दृष्टीने श्पुनर, खान व शॅक्टर यांचा २०१३ सालचा प्रयोग अधिक बोधप्रद आहे. संख्याशास्त्रावरील २१ मिनिटांच्या ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानाचे त्यांनी चार भाग केले. एका गटास प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, इतरांस दिली नाही. चाचणी देणाऱ्या गटात मन भरकटण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, टिपणे अधिक घेतली गेली आणि शेवटच्या परीक्षेतही त्या गटास अधिक यश मिळाले. येथे चाचणीचा हेतू गुण देण्याचा नव्हता. 'आता विचारले जाईल' या अपेक्षेने ऐकणाऱ्याची भूमिकाच पालटली. कोडिंजर व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली मानसशास्त्राच्या एका खुल्या अभ्यासक्रमाविषयी असाच निष्कर्ष मांडला. चित्रफिती पाहणे व पाठ वाचणे यांच्या तुलनेत प्रत्यक्ष उदाहरणे सोडविण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सहापटींहून अधिक बळकट आढळला.

५. अध्यापकाची भाषा

स्वीडिश विद्वान बर्ये होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाकडे मार्गदर्शनपर संभाषण या दृष्टीने पाहिले. लिखित पाठातही कुणी तरी कुणाशी तरी बोलत आहे, अशी जाणीव वाचणाऱ्यास झाली तर त्याचा उत्साह टिकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोरेनो व मेयर यांच्या २००० सालच्या प्रयोगांतही तृतीयपुरुषी निवेदनापेक्षा विद्यार्थ्यास उद्देशून केलेले निवेदन आकलनास अधिक उपकारक ठरले.

मराठीतून पाठ तयार करणाऱ्यांस या तत्त्वाचा उपयोग करून घेण्याची विशेष सोय आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' या रूपात ऐकणारा वगळलेला असतो. 'आपण' या रूपात तो अंतर्भूत असतो. 'हे उदाहरण येणेप्रमाणे सोडविले जाते' या कर्मणी वाक्यात कुणीच दिसत नाही. 'आम्ही हे उदाहरण असे सोडवितो' या वाक्यात तज्ज्ञ दिसतो, पण विद्यार्थी दाराबाहेर राहतो. 'आता आपण हे उदाहरण सोडवून पाहू' या वाक्यात दोघेही एका बाजूस येऊन बसतात. इंग्रजी पाठाचे मराठी भाषांतर करताना 'वुई' या एकाच रूपासाठी कोणता पर्याय घ्यावयाचा, याचा विचार पुष्कळदा होत नाही आणि कर्मणी प्रयोगाचा आश्रय घेतला जातो.

दुसरी गोष्ट संपर्क टिकविणाऱ्या शब्दांची. 'बरं', 'आता बघा', 'इथपर्यंत आलं ना ध्यानात?' असे उद्गार वर्गातील बोलण्यात ठायीठायी येतात. त्यांतून नवी माहिती मिळत नाही; वाहिनी उघडी आहे ना, याची खातरी करणे एवढेच त्यांचे कार्य. रोमान याकोब्सन यांनी १९६० साली भाषेच्या सहा कार्यांत यास स्वतंत्र स्थान दिले होते. मुद्रणाच्या वेळी असे उद्गार फापटपसारा समजून छाटले जातात. बोलण्याची घाई आणि त्यास मिळणारा प्रतिसाद हे दोन्ही नसताना ते सगळेच ठेवावेत असे नाही. पण प्रश्नानंतर विद्यार्थ्यास विचार करण्यापुरता अवकाश ठेवणे, हे त्यांचे सार जपता येते.

तिसरी गोष्ट चर्चापीठाची. अभ्यासक्रम इंग्रजीतून चालत असेल, तर मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास तेथे शंका लिहिणे म्हणजे दोन परीक्षा एकदम देण्यासारखे वाटते. एक विषयाची आणि दुसरी भाषेची. त्यात लिहिलेले पुसले जात नाही आणि सर्वांना दिसते. अशा विद्यार्थ्याच्या मौनावरून उदासीनतेचे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. शंका मराठीत, अथवा मराठी-इंग्रजी मिसळून, लिहिण्यास स्पष्ट अनुमती देणे आणि पहिल्या आठवड्यात अध्यापकाने स्वतः तशा एक-दोन शंकांस त्याच भाषेत उत्तर देणे, हा विनाखर्चाचा उपाय आहे.

६. लक्ष ठेवण्याची मर्यादा

२०२० सालच्या टाळेबंदीत वर्ग एकाएकी पडद्यावर गेले, तेव्हा कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती हा उपाय अनेक ठिकाणी सुचला. कास्तेली व सार्वारी यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत विद्यार्थ्यांनी कॅमेरा बंद ठेवण्याची जी कारणे दिली, त्यांत आपल्या दिसण्याविषयीचा संकोच, मागे घर व घरची माणसे दिसण्याची भीती आणि दुर्बल आंतरजाल ही प्रमुख होती. एका खोलीत चार जण राहत असलेल्या घरात ही सक्ती अवधान वाढविण्याऐवजी ते स्वतःच्या चेहऱ्याकडे वळविते.

स्वयंचलित आठवणी व प्रोत्साहनपर संदेश यांचाही उपयोग मर्यादितच आहे. हार्वर्ड, मॅसॅच्युसेट्स व स्टॅनफर्ड येथील २४७ अभ्यासक्रम आणि अडीच लक्षांहून अधिक विद्यार्थी यांच्यावरील प्रयोगांचा अहवाल २०२० साली किझिल्चेक व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. अभ्यासाचे वेळापत्रक लिहून काढण्यास सांगितल्याने पहिल्या काही आठवड्यांत थोडा लाभ दिसला. पण सर्वांना सर्वत्र लागू पडणारा उपाय कोणताच आढळला नाही. निष्कर्ष निराशाजनक वाटला, तरी त्यातून स्थानिक अध्यापकाचे महत्त्वच अधोरेखित होते.

७. समारोप

भारतात 'स्वयम्' या व्यासपीठाचा प्रारंभ २०१७ साली झाला. चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चापीठ व स्वयंमूल्यमापन अशी त्याची चतुष्पाद रचना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पुरे करण्यास मुभा दिली; २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे पदवीचा मोठा अंश आता या व्यवहारावर अवलंबून राहू शकतो. चार पादांपैकी पहिले दोन एकदा तयार झाले की वर्षानुवर्षे चालतात. उरलेल्या दोहोंस मात्र दर सत्रात माणूस लागतो. काटकसर करावयाची वेळ आली की कात्री त्यांनाच लागण्याचा संभव असतो, हाच खरा धोका आहे.

विभागीय पातळीवर करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक पाठात विद्यार्थ्यास काही करावयास लावणारा थांबा असावा. पहिला स्वाध्याय दुसऱ्या आठवड्यापूर्वी घेऊन त्यावर नावानिशी अभिप्राय लिहावा. तो न देणाऱ्या विद्यार्थ्यास यांत्रिक सूचना न पाठविता विभागातील एका अध्यापकाने दूरध्वनी करावा आणि अडचण विषयाची, भाषेची की घरची, ते विचारावे. बाहेरील अभ्यासक्रम घेणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक तास एकत्र बसण्याची जागा महाविद्यालयातच असावी.

विद्यार्थ्याने लक्ष द्यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु त्याचे लक्ष लागावे असा पाठ, अशी भाषा आणि असा माणूस पलीकडे असल्याविना ती अपेक्षा करण्याचा अधिकार विद्यापीठास प्राप्त होत नाही.