मुळशीचें नांव आणि तिच्या शिवा

ज्या गांवावरून आपल्या तालुक्यास मुळशी हें नांव पडलें, तें जुनें मुळशी गांव पाण्याखालीं आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. तालुक्याची कचेरी पौडास आहे, आणि नांव मात्र बुडालेल्या गांवाचें चालत आलें आहे.

शिवकालीं या मुलखाची ओळख तालुक्यानें नव्हे, तर खोऱ्यानें होत असे. पुण्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशास मावळ म्हणत. जिकडे सूर्य मावळतो ती बाजू, असा त्याचा अर्थ सांगतात. बारा मावळांपैकीं पौडखोरें मुळेच्या कांठचें, मुठेखोरें मुठेच्या कांठचें व मोसेखोरें मोसे नदीच्या कांठचें. मोसेखोऱ्याचे देशमुख पासलकर, मुठेखोऱ्याचे मारणे. मुळशी हें नांव उच्चारतांच मुळा नदीचें स्मरण व्हावें, हेंही या खोऱ्यांच्या नांवांस धरूनच आहे. या खोऱ्यांची शीव कोणा कारकुनानें कागदावर आंखलेली नव्हती. डोंगराच्या धारेवर पडलेला पाऊस ज्या नदीस मिळे, त्या नदीच्या खोऱ्यांत ती बाजू मोडे. याहून सोपा व तंटा मिटविणारा नियम आम्हांस तरी दिसत नाहीं.

स्कॉटलंडांतील खेड्यापाड्यांच्या पॅरिशांची हीच तऱ्हा आढळते. पुष्कळ पॅरिशांचीं नांवें देवळावरून वा एखाद्या संतावरून पडलीं, परंतु शिवा बहुधा ओढ्यांनीं व डोंगरमाथ्यांनीं ठरल्या. त्या देशाच्या दक्षिणेकडील हॉविक व सेल्कर्क या गांवीं दरवर्षीं घोड्यांवर बसून शीव फिरण्याची चाल अजून आहे. आपल्याकडे गांवची शीव ठाऊक असणारा माणूस म्हणजे महार. शिवेचा तंटा पडला असतां त्याच्या साक्षीवर पाटील-कुळकर्ण्यांसही विसंबावें लागे. ज्यास गांवांत घर बांधूं दिलें नाहीं, त्याच्याच शब्दावर गांवची हद्द ठरे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. एका गांवाचीं दोन झालीं म्हणजे थोरलें तें बुद्रुक व धाकटें तें खुर्द. हे दोन्ही शब्द फारसी; आपलें बावधन याचें जवळचें उदाहरण.

इंग्रजी अमलांत मुळशी हा हवेली तालुक्याचा पेटा होता, त्याचा पुढें स्वतंत्र तालुका झाला. पश्चिमेस सह्याद्रीची धार, उत्तरेस मावळ तालुका, पूर्वेस हवेली व दक्षिणेकडे वेल्हें, ज्यास आतां राजगड म्हणतात.

पश्चिमेची ही धार माणसास ओलांडण्यास कठीण. पाण्यानें मात्र ती ओलांडली. मुळा व निळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचें धरण होऊं लागलें, तेव्हां १९२१ सालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस सेनापति हें नांव याच लढ्यानें मिळालें. लढा १९२४ पर्यंत चालला, परंतु धरण थांबलें नाहीं. पन्नासांच्या आसपास गांवांच्या जमिनी व वस्त्या त्या जलाशयानें गिळल्या. ज्यांच्या शिवा पिढ्यान्‌पिढ्या ओढ्याखोड्यांनीं बांधलेल्या होत्या, त्यांस दुसऱ्याच्या शिवारांत जागा शोधावी लागली. तें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे कोंकणांत भिरा येथील वीजघरांत उतरतें व कुंडलिका नदीस मिळतें. जें भीमेवाटे पूर्वसमुद्रास जावयाचें, तें पश्चिमसमुद्रास जातें. म्हणजे खोऱ्याचा मूळ नियमच मोडला.

पूर्वेची शीव सांप्रत शहराच्या बाजूनें सरकत आहे. २०२१ सालीं सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक हीं गांवें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत घेतलीं गेलीं. हिंजवडीस संगणकाच्या कंपन्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथें कामास येणारे लोक आपण पुण्यास आहों असेंच म्हणतात. पण त्या जमिनींच्या सातबाऱ्यावर तालुका म्हणून नांव लिहिलें असतें तें मुळशीचें.