देवळालीच्या मास्तरांची ६१७४

गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. विद्यार्थिमित्रांनो, त्यातील १९९९ हे वर्ष तेवढे घ्या. त्याचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या तयार करा आणि तिच्यातून चढत्या क्रमाने मांडलेली लहानात लहान संख्या वजा करा. उत्तर येईल त्यावर पुन्हा तीच क्रिया करा.

९९९१ − १९९९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणखी एकदा करून पाहा : ७६४१ − १४६७ = ६१७४. आता संख्या जागची हलत नाही!

तुमचे जन्मवर्ष घ्या, वडिलांचे घ्या. चारही अंक सारखे नसले की झाले. वाटेत ९९९ आले, तर ते ०९९९ असे लिहावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ भेटतेच.

ही गोष्ट ज्यांना सापडली ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शिकवले. संख्यांचा अभ्यास चालला तो शाळा सांभाळूनच. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. काही गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात १९७५ साली त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. मास्तरांनी सत्तरी गाठली होती!

पण हे प्रत्येक संख्येला लागू आहे, हे कशावरून? १००० ते ९९९९ मधून सारख्या अंकांच्या ९ संख्या वगळल्या, तरी ८,९९१ उरतात. दहा-वीस उदाहरणे जुळली म्हणून गणितात भागत नाही. तेव्हा थोडे डोके लावू. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाला ‘क’ म्हणा, मधल्या दोन अंकांतील फरकाला ‘ख’. मग पहिली वजाबाकी नेहमी ९९९ × क + ९० × ख इतकीच येते. (१९९९ साठी क = ८, ख = ०; उत्तर ७९९२. वर तेच आले आहे ना?) आता ‘क’ची किंमत १ ते ९ असू शकते आणि ‘ख’ ‘क’पेक्षा कधीच मोठा नसतो. म्हणजे २ + ३ + … + १० = ५४ जोड्या. जवळजवळ नऊ हजार संख्या पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत गोळा होतात! तेवढी एखाद्या रविवारी वहीत सोडवता येतात. आठ-दहा मित्रांनी वाटून घेतली तर दुपारही पुरे.

‘स्वयंभू संख्या’ ही कल्पनाही कापरेकरांचीच. २१ मध्ये तिचेच अंक २ आणि १ मिळवले की २४ होतात. म्हणून २१ ही २४ ची जनक. २० ला मात्र अशी जनक संख्या कोठेच सापडत नाही, ती स्वयंभू. शंभरच्या आतील बाकीच्या तुम्ही शोधा.

कापरेकर १९८६ मध्ये वारले. त्यांची क्रिया तीन अंकी संख्यांवर केली तर ४९५ वर थांबते. त्याची सिद्धता वरच्यापेक्षा सोपी आहे, करून पाहा. दोन अंकी संख्या मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ अशा फेऱ्याच घालत राहतात. पाच अंकींचे काय होते? ५३९५५ पासून सुरुवात करा.