इंग्रजी नकाशावरची कृष्णा

महाबळेश्वराच्या डोंगरमाथ्यावर उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली ही घाटांची गावे मागे टाकीत, पुढे कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र हे मुलूख ओलांडून सुमारे १,४०० किलोमीटरांच्या प्रवासानंतर बंगालच्या उपसागरास मिळणाऱ्या कृष्णेचे नाव इंग्रजीत ज्या सात अक्षरांनी लिहिले जाते, त्याच सात अक्षरांनी देवकीनंदनाचेही नाव लिहिले जाते. आणि या नदीविषयीच्या निदान एका हट्टी गैरसमजाचे मूळ या योगायोगात आहे.

तो गैरसमज असा की, ही नदी गोकुळातल्या कृष्णाच्या नावाने ओळखली जाते. रोमन लिपीतले अंतिम अक्षर 'अ' आणि 'आ' या दोन्ही स्वरांची चाकरी करीत असल्यामुळे इंग्रजी वाचकास देव आणि नदी यांतील भेद डोळ्यांना दिसतच नाही. देवनागरीत मात्र एका कान्याने पुल्लिंगाचे स्त्रीलिंग होते. 'कृष्णा' म्हणजे सावळी. द्रौपदीचेही हे एक नाव होते, आणि तिला ते मिळाले ते वर्णावरून. महाभारतातील नद्यांच्या नामावळीत 'कृष्णवेणा' असे जोडनाव आढळते, तेही स्त्रीलिंगीच. देवाशी तिचा संबंध मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही, कारण सावित्रीच्या शापाने विष्णूची कृष्णा, शिवाची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे आपली कोयना, झाली अशी कथा पुराणकारांनी सांगितली आहे. पण त्या कथेतला देव प्रत्यक्ष विष्णू आहे, मुरलीधर नव्हे, आणि नदी होताना तोही स्त्रीरूपच घेतो. तेव्हा इंग्रजी मजकुराचा तर्जुमा करताना जे 'कृष्ण नदी' असे लिहून मोकळे होतात, ते नकळत तिला ब्रह्मपुत्र आणि शोण या नदांच्या पंक्तीस बसवितात. वाईस जिचा उत्सव 'कृष्णाबाई' म्हणून होतो, तिच्यावर हा अन्यायच होय.

दुसरा समज काहीसा स्वाभिमानातून उपजलेला आहे. अव्वल इंग्रजीतील कागदपत्रांत आणि नकाशांत ही नदी 'किस्टना' अशा रूपात भेटते; १८५९ साली मद्रास इलाख्यात तिच्या नावाचा जो जिल्हा झाला, तोही सरकारी दफ्तरात याच वर्णांनी नोंदला गेला. हे रूप पाहून साहेबाच्या जड जिभेने आमच्या नदीचे नाव विद्रूप केले, असा निष्कर्ष आपण तत्काळ काढतो. साहेबाच्या जिभेचा अपराध इतरत्र पुष्कळ आहे, त्याची वकिली करण्याचे कारण नाही. परंतु तेलुगू लोकव्यवहारात कृष्णय्याचा 'किष्टय्या' आणि कृष्णप्पाचा 'किष्टप्पा' होतो, हे ज्यास ठाऊक आहे, तो या खटल्यात साहेबाला निदान संशयाचा फायदा देईल. मुखाकडच्या प्रदेशात ज्या अंमलदारांनी नदीचे नाव लिहून घेतले, त्यांच्या कानी 'ष्ण'च्या ठिकाणी 'ष्ट' येणे अगदी स्वाभाविक होते. आपणही कृष्णाचा किसन करतोच. त्याला कोणी परकीय अपभ्रंश म्हणत नाही.

नामसाम्याचा आणखी एक घोटाळा थोडक्यात सांगण्याजोगा आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे उगम जेथे मानले जातात, ते क्षेत्र महाबळेश्वराचे पंचगंगा मंदिर. आणि नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते ती पंचगंगा नदी कोल्हापूरची, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त सरस्वती यांची. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. शिवाय उगमाच्या त्या पाच भगिनींपैकी सावित्री कृष्णेबरोबर पूर्वेस जातच नाही. ती कोकणात उतरून बाणकोटापाशी सिंधुसागरास मिळते.

आजच्या व्यवहारात सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र निराळाच आहे. शासकीय व न्यायालयीन इंग्रजीत 'कृष्णा' हा शब्द पुष्कळदा नदीपुरता राहत नाही. तो संपूर्ण खोऱ्याचा वाचक होतो, आणि त्या खोऱ्यात भीमा व तुंगभद्रा आपापल्या उपनद्यांसह येतात. १९६९ साली नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादाने, ज्याला आपण न्यायमूर्ती बच्छावत यांच्या नावाने ओळखतो, २,०६० अब्ज घनफूट पाण्याची वाटणी करून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० असे हिस्से दिले. हे आकडे वाचताना वाई-सांगलीच्या पात्रातले पाणी डोळ्यांसमोर आणणारा माणूस हिशेबात पहिल्याच पायरीला चुकतो. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या नावावरूनही सोलापूरकडच्या शेतकऱ्यास ते परक्या जिल्ह्याचे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः भीमेवरचे उजनी धरण याच खोऱ्यात मोडते, पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे तीच भीमा, आणि खडकवासल्याच्या मुठेचे जे पाणी पुणेकर पितो, तेही लवादाच्या भाषेत कृष्णेचेच पाणी आहे.