घर हलवताय? खोक्यांच्या आधी वही काढा

मे महिना लागला की टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, शहापूर, कुठल्याही गल्लीत जावा, एखादा तरी टेम्पो मागचा फाळका पाडून उभा दिसतोच. पोराला पुण्यात नोकरी लागली म्हणून आई-वडील निघालेले असतात, नाहीतर रिटायर होऊन कुणी पिंपरी-चिंचवडचा फ्लॅट भाड्यानं देऊन गावाकडं परतलेलं असतं. शाळा सुरू व्हायच्या आत आणि आपल्याकडचा पाऊस लागायच्या आत सामान पोचवायचं, ही एकच घाई. या घाईत खोकी नीट बांधली जातात, पण दुसरं एक काम राहून जातं. ते राहिलं की काय होतं, हे आमच्या घरात बघितलंय, म्हणून आधी ते सांगतो.

सात-आठ वर्षांमागं माझी आक्का आणि दाजी पुण्याहून कायमचे बेळगावला आले. पॅकर्स-मूव्हर्सवाल्यानं २२ हजार सांगितले, दाजींनी घासाघीस करून १९ हजारांवर आणले. चार माणसं आली आणि तीन तासांत अख्खं घर बांधून मोकळी. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक दारात. शोकेसची काच फुटली होती, ती फुटणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. पण दोन दिवसांनी आक्काच्या लक्षात आलं, आईचा तांब्याचा हंडा, पितळी डबे आणि समया ज्या खोक्यात भरल्या होत्या ते खोकंच आलेलं नाही. फोन केला तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, बिल्टीवर काय लिहिलंय ते बघा ना." बिल्टीवर लिहिलं होतं, ‘घरगुती सामान, १ लॉट’. खाली बारीक अक्षरात, ‘ओनर्स रिस्क’.

लॉट म्हणजे किती? ५० खोकी हा एक लॉट आणि ४९ हाही एक लॉटच. स्टॉक रजिस्टर नसेल तर माल गेला हे सिद्ध करता येत नाही, एवढं बी.कॉम. झालेल्या माणसाला कळायला पाहिजे. त्या दिवशी पुण्यात सामान भरताना मी तिथंच होतो. हमालांना चहा आणून देत होतो. मोजलं नाही. हंडा काही परत आला नाही.

बिल्टी म्हणजे नुसती पावती नव्हे

रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी आपल्याकडं कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ हा कायदा आहे, १ मार्च २०११ पासून लागू. केंद्राचा कायदा असल्यामुळं निपाणीच्या अलीकडं आणि कागलच्या पलीकडं तो सारखाच. ट्रान्सपोर्ट कंपनीच नव्हे, तर भाड्यानं सगळ्यांचा माल बुक करून नेणारे एजंट, ब्रोकर, कुरिअरवाले हे सगळे त्यात येतात. कायद्याप्रमाणं सामान देणाऱ्यानं आधी फॉरवर्डिंग नोट भरायची, त्यात मालाचं वर्णन आणि किंमत लिहायची. मग वाहतूकदारानं गुड्स रिसीट द्यायची, म्हणजे आपली बिल्टी किंवा एलआर. प्रत्यक्षात दोन्ही एकाच कागदावर उरकतात आणि किमतीचा रकाना कोरा राहतो.

या कोऱ्या रकान्यातच खरी गोम आहे. सामान हरवलं किंवा मोडलं तर वाहतूकदाराची जबाबदारी किती, याला मर्यादा आहे. नियमांनुसार ती भाड्याच्या दहापट आणि तीसुद्धा नोटवर लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही. आता हिशेब करा. १९ हजारांत पॅकिंग, हमाली, भाडं सगळं आलं. बिलात निव्वळ भाडं ७ हजार दाखवलं असेल तर दहापट म्हणजे ७० हजार. तुमचं नुकसान दीड लाखाचं झालं तरी ७० हजारच. आणि "टॅक्स लागेल, किंमत कमीच लिहूया" या त्यांच्या सल्ल्यानं तुम्ही २० हजार लिहिले असतील, तर मर्यादा २० हजारांवर आली. हा सल्ला मी स्वतः दोन-तीन ठिकाणी ऐकलाय. वापरलेलं घरातलं सामान या घरातून त्या घरात न्यायला कसला आलाय टॅक्स?

किंमत खरी लिहा. सामान फारच मोलाचं असेल तर कायद्यातच सोय आहे, जास्त जोखमीचा दर भरून जबाबदारी वाढवून घेता येते, पण ते लेखी पाहिजे. रेल्वेनं पार्सल पाठवतानाही तत्त्व हेच, किंमत जाहीर करून त्यावर थोडा आकार भरला तरच मर्यादेच्या वरची भरपाई.

‘ओनर्स रिस्क’ वाचून मात्र हातपाय गाळू नका. ते दोन शब्द छापले म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली, जुना १८६५ चा कायदा चालू असतानाच सांगितलंय. भूकंप-पूर, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती असली कारणं सोडली तर पोचवायची जबाबदारी नेणाऱ्याचीच.

इन्शुरन्सचं आणखी एक. कोटेशनमध्ये सामानाच्या किमतीवर टक्केवारी लावून ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ धरलेला असतो. पैसे घेतात, पॉलिसी काढतातच असं नाही. ट्रक हलायच्या आधी विमा कंपनीचं सर्टिफिकेट मागा, त्यावर तुमचं नाव, गाडी किंवा बिल्टीचा नंबर आणि रक्कम बघा. आग आणि अपघातापुरती पॉलिसी स्वस्त पडते, पण तीत नुसती फूटतूट धरत नाहीत, हे विचारून घ्या. बऱ्याच पॉलिसींत घरच्यांनी स्वतः भरलेल्या खोक्यातली फूट चालत नाही. दागिने, रोकड, घराचे कागद, शाळेचे दाखले कुठल्याच ट्रकमध्ये घालू नका, मांडीवर घेऊन जावा.

वही कशी घालायची

शंभर पानी वही पुरते. पहिलं खोकं बांधायच्या आधी ती उघडायची. प्रत्येक नगाला एक नंबर. खोकं असो, गादीचं बोचकं असो, नाहीतर नुसती शिडी असो. वहीत नंबर, आत काय आहे आणि कुठल्या खोलीत उतरवायचं, एवढंच लिहायचं. खोक्यावर मार्करनं ‘१७/६१’ असं दोन बाजूंना लिहा, वर नको, कारण वर दुसरं खोकं बसणार. खोकं बंद करायच्या आधी आतला आणि बंद केल्यावर बाहेरचा, असे मोबाईलवर दोन फोटो. शेवटी एकूण नगांचा आकडा बिल्टीवर लिहून घ्यायचा, ‘६१ नग, सोबतच्या यादीप्रमाणे’, आणि यादीच्या दोन्ही प्रतींवर सुपरवायझरची सही. तो कुरकुर करेल. गाडी भरलेली नसताना करू दे, नंतर ऐकत बसू नका.

ओळखीचाच टेम्पोवाला असेल तर बिल्टीच नसते. मग गाडीचा नंबर, आरसी आणि लायसनचा फोटो घ्या, ठरलेलं भाडं आणि नगांची संख्या व्हॉट्सॲपवर त्याला पाठवून ‘ओके’ घ्या. ओळख तुटू नये म्हणून तर हे करायचं.

आता खोक्यांकडं

रविवार पेठेत दुकानांतून रिकामी खोकी मिळतात, बरीच स्वस्त. कपड्यांना, प्लास्टिकच्या डब्यांना चालतात. पुस्तकांना आणि भांड्यांना पाच पदरी पुठ्ठा घ्या. जड वस्तू लहान खोक्यात, हलक्या मोठ्या खोक्यात. ऐकायला साधं वाटतं, पण आपण नेमकं उलट करतो, सगळी पुस्तकं एकाच मोठ्या खोक्यात कोंबतो. एका माणसाला न वाकता उचलता येईल, साधारण १५ किलो, तेवढंच भरा. हमालाला जे पेलवत नाही ते तो टाकतो, यात त्याचा दोष नाही.

काच फुटते ती धक्क्यानं कमी, एकमेकांवर आपटून जास्त. मडकी पिंजरात रचून बाजाराला आणणारा कुंभार बघितलाय? एकही मडकं दुसऱ्याला टेकत नाही आणि कुठं पोकळी राहत नाही. सगळी विद्या एवढीच. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या लावा, आडव्या चळतीत सगळ्यांचा भार खालच्या ताटलीवर येतो. प्रत्येकीला आधी साधा कागद, मग रद्दी, कारण वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्यांना लागते. खोक्याच्या तळाला जुनी वाकळ किंवा टॉवेल. बंद केल्यावर खोकं हलवून बघा, आतून आवाज आला तर अजून भरा. फोटोच्या आणि आरशाच्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारा, काच फुटली तरी तुकडे जागच्या जागी राहतात. लोणच्याच्या बरण्यांना झाकणाखाली प्लास्टिक घालून बांधून घ्या आणि त्या प्लास्टिकच्या बादलीत उभ्या ठेवा.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवून आतून कोरडा पुसा. तो उभाच गेला पाहिजे. आडवा टाकला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, म्हणून चुकून आडवा आलाच तर उभा करून काही तास, जमलं तर एक रात्र, बटण दाबू नका. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम घट्ट धरायला ट्रान्झिट बोल्ट लागतात. ते नव्या मशीनबरोबर येतात आणि दहापैकी नऊ घरांत सापडत नाहीत, त्यामुळं मेकॅनिकला आधी बोलवा. टीव्ही उभाच न्या. आता पावसाचं. गादी आणि लाकडी कपाट प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळतात ते पाण्यासाठी बरोबर, पण आत ओल असेल तर ती तिथंच कोंडते. वळवाच्या सरीत भिजलेली गादी तशीच गुंडाळू नका, आणि पोचल्यावर त्याच दिवशी फिल्म काढा.

खोक्यावर काय लिहायचं, यावर आपल्या भागात जरा विचार करायला हवा. इथं भरणारा हमाल मराठी-कन्नड दोन्ही बोलतो, पुण्यात उतरवणारा कदाचित उत्तर प्रदेश-बिहारचा असतो. ‘नाजूक’ लिहिलेलं कुणाला वाचता येईल सांगता येत नाही. म्हणून चित्र काढा: पेला म्हणजे फुटणारं, छत्री म्हणजे पाण्यापासून जपा, वर तोंड केलेले दोन बाण म्हणजे ही बाजू वर. ही जगभर चालणारी चिन्हं आहेत. आपल्याकडं पाट्यांच्या भाषेवरून एवढा वाद, पण पेल्याच्या चित्राला अजून कुणी आक्षेप घेतलेला नाही.

कोगनोळी ओलांडताना

"बॉर्डरचे वेगळे पडतील", हे वाक्य बेळगावातून सामान नेणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा राज्याचा प्रवेशकर त्यातच गेला. ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं हे खरं, पण वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तू त्याच नियमांतल्या सूट-यादीत आहेत. दुसऱ्या राज्यात जायचा परमिट हा गाडीमालकाचा विषय आहे, तुमच्या सामानाचा नाही, तो त्यानं भाड्यात धरलेला असायला पाहिजे. कोटेशन घेतानाच ‘टोल-परमिटसह’ असं लिहून घ्या. ड्रायव्हरजवळ यादीची एक प्रत द्या, वर ‘वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही’ लिहून तुमची सही आणि ओळखपत्राची झेरॉक्स. नवीन घेतलेला, पॅकबंद फ्रिज त्याच ट्रकमध्ये टाकत असाल तर त्याचं बिल बरोबर पाहिजे, तो ‘वापरलेला’ होत नाही.

गॅसचा भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, अनामत परत मिळते आणि नव्या गावात त्यावर जोडणी. मोटारसायकलची टाकी रिकामी करा. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर इथल्या आरटीओची एनओसी काढूनच निघा, नंतर पुण्याहून त्यासाठी रजा काढून यावं लागतं.

कंपनी खरी की नाही, हे बघायला बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाका. नाव आणि पत्ता दिसतो. कोटेशनवरच्या नावाशी तो जुळत नसेल तर दुसरीकडं चौकशी करा. निम्म्या वाटेत ट्रक उभा करून जादा पैसे मागणारे बहुधा असलेच असतात.

सामान उतरताना

दारात एक माणूस वही घेऊन उभा करा, दुसरं काही काम सांगू नका. नग आला की नंबरावर टिक. उरलेले पैसे टिक पूर्ण झाल्यावर. फुटलेलं, ओलं, फाटलेलं दिसलं तर ड्रायव्हरच्या प्रतीवर तिथंच लिहा, ‘नग १७ ओला, नग ४० मिळाला नाही’, आणि फोटो काढा. "नंतर बघू, साहेबांना सांगतो" यावर सही देऊ नका.

मिटलं नाही तर वाहतूकदाराला लेखी नोटीस पाठवा, पोस्टानं. कायद्याच्या कलम १६ प्रमाणं ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत गेली पाहिजे, नाहीतर दावाच लावता येत नाही. दिवस बुकिंगपासून मोजतात, सामान पोचल्यापासून नाही. फोनवरची भांडणं आणि आश्वासनं यात धरत नाहीत, आणि बरेचजण याच फोनाफोनीत सहा महिने घालवतात. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, म्हणजे कंपनी पुण्याची असली तरी बेळगावच्या जिल्हा आयोगात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आक्का-दाजींनी गेल्या वर्षी भाड्याचं घर सोडलं आणि स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, तरी आक्कानं वही घातली होती आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसली होती. ६१ नग. ६० वर टिक झाली आणि हमाल पैशासाठी उभे राहिले. "मामा, एक राहिलंय," आक्का म्हणाली. ट्रक रिकामा होता. परत जाऊन बघितलं तर केबिनमध्ये सीटच्या मागं पंख्याची पाती होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर नंबर ५२.