आपणहून विरणारा टाका

शस्त्रक्रियेत आतल्या थरांना घातलेले बरेचसे टाके काढावे लागत नाहीत, ते शरीरातच विरतात. पूर्वी असा धागा मेंढी-गाईच्या आतड्यापासून बने आणि नेमका कधी जिरेल याचा भरवसा नसे. १९७०च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा आला. शरीरातलं पाणीच त्याच्या रेणूंच्या साखळीच्या कड्या तोडतं. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. किती सुंदर रसायन!

याच्याच भाऊबंद पॉलिलॅक्टिक आम्लात प्रत्येक कडीला मिथाइल गट असतो. तो पाण्याला दूर ठेवतो, म्हणून या आम्लाचे हाडात बसवलेले स्क्रू विरायला वर्षं लागतात. त्याचा कच्चा माल मका-उसाच्या साखरेपासून मिळतो. पॉलिग्लायकोलिक आम्लाचे धागे मात्र दमट हवेतही खराब होतात, म्हणून ते फॉइलच्या पाकिटात येतात. धागा विरतो, पाकीट कचऱ्यात उरतं. आता संशोधकांनी या पाकिटाकडे वळायला हवं.